स्वर्गाचें दार आणि नीलकंठशास्त्री गोरे



पुण्यांत गुरुवार पेठेंतील पंचहौद मिशनचें नांव निघालें कीं इतिहासाची आवड असलेल्या माणसाला एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे चहा. १८९० सालीं तेथें जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. कोणी पेला ओठास लावला, कोणी नुसता हातीं घेऊन खालीं ठेवला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें प्रसिद्ध केलीं, आणि न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला. प्रायश्चित्त कोणीं घ्यावें, कशाकरितां घ्यावें, याचा खल गांवांत बराच काळ चालला. एवढा गाजावाजा झालेल्या चहाच्या आड एक माणूस मात्र पार झांकला गेला. त्याच पंचहौदाशीं संबंध असलेला, चित्पावन ब्राह्मणाच्या कुळांत जन्मलेला, काशीस शास्त्राध्ययन केलेला आणि पुढें ख्रिस्ती संन्याशांच्या मठांत राहिलेला असा तो गृहस्थ होता. पूर्वाश्रमीचे नीलकंठशास्त्री गोरे, ख्रिस्ती झाल्यावरचे फादर नेहेम्या गोरे. त्यांनीं तरुणपणीं ख्रिस्ती स्वर्गाविषयीं कांहीं प्रश्न विचारले होते. आजचें भाषण त्या प्रश्नांविषयीं आहे.

मी शास्त्री नाहीं आणि पाद्रीही नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना इतिहास शिकविलेला मी एक साधा मास्तर आहें. तेव्हां स्वर्ग आहे कीं नाहीं याचा निकाल मजकडून कोणी अपेक्षूं नये. स्वर्गाच्या कल्पनेला इतिहास आहे, ती बदलत आलेली आहे, आणि ती बदलण्यास पुष्कळदां साध्या माणसांच्या साध्या शंका कारण झाल्या आहेत, एवढें मात्र दाखवितां येईल.

प्रकरण सुरू झालें तें एका संस्कृत पुस्तकानें. जॉन म्यूर नांवाचा स्कॉटलंडचा एक विद्वान कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीवर उत्तर हिंदुस्थानांत होता. त्यानें १८३९ सालीं ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृत श्लोकांत रचला. गुरु व शिष्य यांच्या संवादाच्या रूपानें त्यांत धर्मांची परीक्षा मांडलेली असून ख्रिस्ती धर्मच खरा असा निर्णय काढलेला आहे. मिशनऱ्यांची हिंदु धर्मावरील टीका आपल्याकडे नवी नव्हती. मुंबईस डॉक्टर जॉन विल्सन यांच्याशीं मोरभट दांडेकर १८३१ सालींच वाद घालून बसले होते. पण येथें टीकाकारानें शास्त्र्यांचीच भाषा उचलली होती, त्यामुळें शास्त्र्यांना उत्तर देणें भागच पडलें. तीन उत्तरें प्रसिद्ध आहेत. त्यांतील एक हरचंद्र तर्कपंचानन या बंगाली पंडिताचें. उरलेलीं दोन्ही आपल्या महाराष्ट्रीय माणसांचीं.

पहिलें उत्तर त्याच सालीं ‘मतपरीक्षाशिक्षा’ या नांवानें आलें. लेखकाचें नांव सोमनाथ. हे सोमनाथ म्हणजे माळव्यांतील सिहोर येथें असलेले सुबाजी बापू असें अभ्यासकांनीं ठरविलें आहे. हे सुबाजी बापू मोठे विलक्षण गृहस्थ. त्यांनीं तीनच वर्षांपूर्वीं, १८३६ सालीं, ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हें मराठी पुस्तक लिहून, पृथ्वी सपाट असून मध्यें मेरु आणि त्यावर देवांचीं नगरें, हा पुराणांतील भूगोल भास्कराचार्यांच्या सिद्धांताच्या आधारें बाजूस सारला होता. म्हणजे स्वतःच्या घरांतील स्वर्गाचा नकाशा ज्यानें आधीं तपासला, त्यानेंच मग पाहुण्याच्या नकाशाकडे पाहिलें. त्यांचें उत्तर सौम्य आहे. देवानें निरनिराळ्या लोकांस निरनिराळे मार्ग लावून दिले असतां एकाच मार्गानें गेलेल्यास दार उघडावें व बाकीच्यांस बंद करावें हें देवाच्या थोरवीस शोभत नाहीं, असा त्याचा रोख आहे.

दुसरें उत्तर देणारे नीलकंठशास्त्री सुबाजी बापूंसारखे सौम्य नव्हते. ते १८२५ सालीं झांशीच्या बाजूस जन्मले, काशींत वाढले. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ त्यांनीं १८४४-४५ च्या सुमारास लिहिला तेव्हां त्यांचें वय अवघें एकोणीस-वीस वर्षांचें होतें. आजचीं मुलें त्या वयांत महाविद्यालयांत असतात, असो. ग्रंथांतील बराचसा भाग शास्त्रप्रामाण्याच्या चर्चेचा आहे, तो येथें सोडून देतों. ईश्वराच्या न्यायाविषयीं त्यांनीं जे आक्षेप घेतले, तेवढेच पाहूं.

ख्रिस्ती मताप्रमाणें जीव नवा निर्माण होतो, एकदांच जन्मतो, एकदांच मरतो, आणि त्या एका आयुष्यावर त्याचा अनंत काळाचा निकाल लागतो. नीलकंठशास्त्री विचारतात कीं, मग एक जन्मतःच आंधळा, दुसरा राजाच्या घरीं, हा भेद कोणत्या अपराधाचा? पूर्वजन्म मानला तर कांहीं तरी उत्तर निघतें. न मानला तर पक्षपाताचा दोष थेट देवावर येतो. पशूंना अमर आत्मा नाहीं असें म्हणतां, तर मग त्यांना वेदना कशासाठीं? त्यांना पाप नाहीं, पुढें भरपाई मिळावी तर त्यांच्याकरितां स्वर्गही नाहीं. कोणता जीव शेवटीं नरकांत जाणार हें सर्वज्ञ देवाला आधींच ठाऊक असतां तो त्याला निर्माण तरी कां करतो? ज्याच्या कानांवर ख्रिस्ताचें नांव कधीं पडलेंच नाहीं, त्याचा काय दोष? आणि सर्वांत मोठा प्रश्न असा कीं, मनुष्याचें पाप कितीही घोर असलें तरी तें मोजक्या वर्षांत घडलेलें असतें. मोजक्या पापाला न संपणारी शिक्षा हा न्याय कसला?

या शेवटच्या प्रश्नावर मी थोडा थांबतों, कारण तो माझ्या धंद्याचा आहे. मीं जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. कांहीं मुलांना नापासही केलें, आणि तें योग्यच होतें असें आजही वाटतें. पण नापास याचा अर्थ पुढल्या वर्षीं पुन्हां बस, एवढाच. एकदां नापास झालेल्या मुलाला कोणत्याही शाळेंत पुन्हां पाऊल ठेवूं द्यावयाचें नाहीं, आणि त्यानें तो पेपर लिहिला तेव्हां त्याला पुस्तकच मिळालें नव्हतें ही तक्रारही ऐकावयाची नाहीं, असा नियम करणारा हेडमास्तर मीं तरी पाहिला नाहीं. आपल्याकडचा स्वर्ग निदान या बाबतींत हिशेबी आहे. पुण्य सरलें कीं तेथून खालीं उतरावें लागतें, हें गीता सांगते. त्या स्वर्गाचा मोह विचारी माणसानें धरूं नये असेंच आपल्या संतांनीं शिकविलें. नीलकंठशास्त्री बोलत होते ते या हिशेबाच्या जगांतून. पलीकडचें जग मात्र एकाच निकालाचें होतें.

पण पलीकडचें जगही मुळापासून तसें होतें काय? येथें इतिहास उपयोगीं पडतो. बायबलाच्या जुन्या करारांतील मोशाच्या नांवावरील पुस्तकें उघडून पाहावीं. तेथें देव आज्ञाधारकांना काय देऊं करतो? जमीन, संतति, पाऊस, दीर्घायुष्य. मेल्यावर सज्जन काय आणि दुर्जन काय, सारे ‘शेओल’ नांवाच्या एका अंधाऱ्या अधोलोकांत जातात. बक्षीस म्हणून स्वर्ग तेथें नाहीं. मेलेले पुन्हां उठतील आणि कोणी अनंत जीवन तर कोणी अनंत धिक्कार पावतील, ही भाषा प्रथम स्पष्टपणें येते ती दानीएलच्या पुस्तकांत. आणि विद्वान् लोक त्या भागाचा काळ इ. स. पूर्व दुसरें शतक धरतात. सीरियाच्या ग्रीक राजांनीं त्या वेळीं यहुद्यांचा छळ मांडला होता. धर्मासाठीं तरुण माणसें मरत होतीं, आणि दीर्घायुष्याचें जुनें वचन त्यांच्या बाबतींत उघड उघड खोटें ठरत होतें. त्यांचा हिशेब या जगांत मिटत नाहींसें पाहून तो पुढच्या जगावर टाकला गेला, असें मला वाटतें. यहुदी मध्यंतरीं इराणच्या सत्तेखालीं नांदले होते, आणि मृतांचें उत्थान व अखेरचा न्याय या कल्पना आपल्या पारशी बांधवांच्या धर्मांत जुन्या आहेत. तेथूनही कांहीं आलें असावें असें पुष्कळांचें मत आहे. येशूच्या काळींसुद्धां यरुशलेमच्या मंदिरांतील वजनदार पुरोहितवर्ग, म्हणजे सदूकी पंथाचे लोक, पुनरुत्थान मानीत नसत. नव्या करारांतच तसें नमूद आहे.

बरें, ख्रिस्ती धर्म स्थापन झाल्यावर तरी मत स्थिर झालें का? पहिल्या पिढीची श्रद्धा मेल्यावर आत्मा वर जाण्यावर फारशी नव्हतीच. प्रभु लवकरच परत येईल, आपल्यापैकीं कांहीं जण तोंपर्यंत जिवंतच असतील, अशी होती. तो आला नाहीं. मग मेलेला माणूस आज आहे कोठें, हा प्रश्न उरला. तेराशें वर्षें लोटलीं तरी त्याचें एक उत्तर नव्हतें, याचा पुरावा खुद्द एका पोपनें दिला आहे. बावीसाव्या जॉन पोपनें १३३१ सालीं आव्हिन्यों येथें प्रवचनांतून असें सांगितलें कीं, पुण्यवान् आत्म्यांनाही अखेरच्या न्यायापर्यंत ईश्वराचें पूर्ण दर्शन होत नाहीं. पॅरिसच्या पंडितांनीं गहजब केला. १३३४ सालीं मृत्युशय्येवर त्यानें तें मत मागें घेतलें, आणि त्याच्या पाठच्या पोपनें १३३६ सालीं उलट निर्णय जाहीर केला कीं, शुद्ध आत्म्यांना मृत्यूनंतर लगेच दर्शन होतें. दर्शनासाठीं ताटकळत ठेवलेले आत्मे एका हुकुमानें आंत घेतले गेले! आपल्याकडे देवळांतील दर्शनाच्या रांगेचे तंटे कोर्टापर्यंत जातात, पण या रांगेची सर त्यांना नाहीं.

लहान मुलांचा प्रश्न याहून कठीण. बाप्तिस्मा न होतां अर्भक गेलें तर तें कोठें जातें? संत ऑगस्टीननें सांगितलें कीं, नरकांतच, मात्र अगदीं सौम्य शिक्षेंत. पुढच्या काळांतील पंडितांना तें सहन होईना. त्यांनीं ‘लिंबो’ नांवाची एक कड काढली, जेथें दुःख नाहीं पण देवाचें दर्शनही नाहीं. युरोपांतील किती आयांनीं शेंकडों वर्षें या कडेकडे डोळे लावून रडणें केलें असेल, त्याची नोंद कोणत्या इतिहासांत सांपडणार? अखेर २००७ सालीं रोमच्या आंतरराष्ट्रीय धर्मपंडित-मंडळानें पोपच्या संमतीनें निवेदन काढलें कीं, अशा बालकांच्या उद्धाराची आशा धरण्यास सबळ कारणें आहेत.

आपल्या भागांतील एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ सालीं गोव्यास आला, आणि त्यानें मराठी ओव्यांत रचलेलें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. साष्टीच्या नवख्रिस्ती मंडळीस त्यांच्या आवडत्या पुराणांची जागा भरून निघावी हा हेतु. स्वर्गाला शब्द कोणता वापरावयाचा, अशी अडचण त्याला पडली असेल. त्यानें सरळ ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. शब्द म्हणजे रिकामें भांडें नव्हे. ज्या बाईनें लहानपणापासून वैकुंठ हा शब्द कीर्तनांत ऐकला, तिला ओवींत तो आला कीं जुनें सगळें आठवणारच. आणि त्याच वैकुंठांत तिची आजी, जी बाप्तिस्म्यावांचून वारली, ती नाहीं असें पाद्री सांगणार! हें तिनें मनांत कसें जुळविलें असेल कोण जाणे.

कारण पूर्वजांचा प्रश्न हाच या साऱ्या प्रकरणांतील खरा कांटा आहे, आणि तो कोण्या तर्कशास्त्र्यानें रोवलेला नाहीं. ज्यांचा देह गोव्यास ठेवला आहे त्या फ्रान्सिस झेव्हियर यांनीं स्वतःच १५५२ सालच्या पत्रांत लिहून ठेवलें आहे कीं, जपानांतील नवख्रिस्ती आपल्या मेलेल्या आईबापांची सुटका नाहीं हें ऐकून रडत. त्यांच्यासाठीं दान किंवा प्रार्थना करून कांहीं होईल का म्हणून विचारीत. आणि आपल्याला त्यांस नाहीं असेंच सांगावें लागलें. त्या रडण्यानें झेव्हियर यांनाही दुःख झालें, तेंही त्यांनीं लपविलेलें नाहीं. उत्तर युरोपांत फ्रीझलंडच्या राडबोड राजाची याहून जुनी आख्यायिका आहे. बाप्तिस्म्याच्या कुंडांत एक पाय टाकल्यावर त्यानें विचारलें कीं, माझे पूर्वज कोठें आहेत? नरकांत, असें उत्तर मिळतांच त्यानें पाय काढून घेतला; थोड्या भिकाऱ्यांबरोबर स्वर्गांत बसण्यापेक्षां आपल्या माणसांत राहणें त्यास बरें वाटलें. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, ती पाद्र्यांच्याच चरित्रग्रंथांत राहिली आहे हें ध्यानांत घ्यावें. माझ्या शाळेंत एक ख्रिस्ती शिक्षक होते. मोठे सश्रद्ध. त्यांची पणजी आळंदीची वारी करणारी होती. एकदां मीं त्यांना धिटाईनें हाच प्रश्न केला. ते म्हणाले, “मास्तर, तिच्याविषयीं मी देवाला सल्ला देत नाहीं, आणि पाद्रीसाहेबांचा घेत नाहीं.” मला हें उत्तर अनेक ग्रंथांपेक्षां आवडलें.

इंग्लंडांत काय चाललें होतें तेंही पाहूं. नीलकंठशास्त्री काशींत आक्षेप लिहीत होते, त्यानंतर आठ-नऊ वर्षांनीं, १८५३ सालीं, लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील फ्रेडरिक मॉरिस या थोर अध्यापकाला अनंत नरकाविषयीं शंका प्रकट केल्यावरून जागा सोडावी लागली. अशाच शंकेवरून धर्मखटल्यांत अडकलेल्या एका पाद्र्याचें अपील प्रिव्ही कौन्सिलपुढें गेलें. दुष्टांची शिक्षा अनंत आहे असें मानणें इंग्लंडच्या चर्चमधील पाद्र्यावर कायद्यानें बंधनकारक नाहीं, असा तेथें १८६४ सालीं निकाल झाला. आमच्याकडील दत्तकाचे आणि वतनाचे दावे ज्या प्रिव्ही कौन्सिलांत जात, त्याच कौन्सिलानें नरकाची मुदतही तपासली, ही मोठी मौज आहे. दक्षिण आफ्रिकेंत नाताळचे बिशप कोलेन्सो झुलू लोकांमध्यें काम करतां करतां १८६१ पर्यंत याच मतास आले होते. हिंदी शास्त्री असो, झुलू शेतकरी असो, प्रश्न तोच निघत होता.

आतां न्यायाचें दुसरें पारडेंही पाहिलें पाहिजे. नाहींतर दुसऱ्याच्या स्वर्गाची चिकित्सा आणि आपल्या स्वर्गाला आरती, असें व्हावयाचें. गरुडपुराणांतील नरकांचीं वर्णनें ऐकून दहाव्या-बाराव्या दिवशीं घरोघरीं बायका-मुलें भ्यालेलीं आहेतच. पूर्वजन्माच्या उत्तरानें देवावरचा दोष निघतो खरा, पण तो आंधळ्यावर आणि अस्पृश्यावर जाऊन बसतो, हें नीलकंठशास्त्र्यांना त्या वयांत दिसलें नाहीं. तें ज्योतिराव फुल्यांना दिसलें. पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले, मिशनऱ्यांचे चाहते असलेले ज्योतिराव त्यांच्या स्वर्गासाठीं ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां’त स्वर्ग हा स्वतंत्र विषय घेऊन त्यांनीं तो केवळ काल्पनिक ठरविला आहे; आणि एकाच घरांत निरनिराळ्या धर्मांचीं माणसें एकमेकांचा द्वेष न करतां नांदावींत, असें चित्र रंगविलें आहे. मराठी व्याकरणकार म्हणून आम्हां मास्तरांना पूज्य असलेले दादोबा पांडुरंग यांनीं तिसरीच वाट धरली. स्वीडनचा स्वीडनबोर्ग हा गृहस्थ आपण जिवंतपणीं स्वर्ग-नरक पाहून आल्याचें सांगे; त्याच्या स्वर्गांत अख्रिस्ती सज्जनांनाही जागा होती. त्याच्या ग्रंथांवर दादोबांनीं लिहिलेलें इंग्रजी पुस्तक १८७८ सालीं लंडनांत छापलें गेलें. विभक्ति-प्रत्ययांचा कांटेकोर हिशेब ठेवणाऱ्या दादोबांना देवदूतांशीं गप्पा मारणारा लेखक रुचावा याचें मला नेहमीं नवल वाटतें; पण दार सर्वांना उघडें असण्याची ओढ किती प्रबळ होती, तें यावरून कळतें.

मग ज्यानें एवढे प्रश्न केले ते नीलकंठशास्त्री ख्रिस्ती कसे झाले? बनारसचे मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशीं वाद घालतां घालतां ते बायबल वाचूं लागले. आधीं आपल्या शास्त्रांवरची त्यांची श्रद्धा ढिली झाली, आणि १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. लोभाचें कारण दाखवितां येत नाहीं. पुढचें सारें आयुष्य त्यांनीं दारिद्र्यांत व व्रतस्थ वृत्तीनें काढलें. षड्दर्शनांचें खंडन करणारा ग्रंथ त्यांनीं लिहिला. पंडिता रमाबाईंना इंग्लंडांत १८८३ सालीं बाप्तिस्मा घेण्याकडे वळविणाऱ्यांत त्यांच्या लेखनाचा व पत्रांचा मोठा वांटा होता. रमाबाई मात्र शिष्या म्हणून मऊ निघाल्या नाहींत. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीं मनाला पटेना तें त्यांनीं आपल्या इंग्रज गुरुभगिनींना स्पष्ट लिहिलें, आणि विवेक कोणाच्या ताब्यांत देण्याचें नाकारलें. गोऱ्यांचा पिंड वेगळा. एकदां शास्त्र प्रमाण मानलें कीं त्यांतील कडू भागही गिळला पाहिजे, हें त्यांचें मत काशींत होतें तेंच ख्रिस्ती झाल्यावरही राहिलें. शास्त्र तेवढें बदललें. म्हणून अनंत शिक्षेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना उत्तर देणारा निबंध त्यांनींच पुढें इंग्रजींत लिहिला. विसाव्या वर्षींच्या स्वतःलाच दिलेलें तें उत्तर होतें. मला तें पटत नाहीं. परंतु ज्यानें प्रश्न आणि उत्तर या दोहोंसाठीं स्वतःचें घरदार दिलें, त्याला लबाड म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं.

रोमच्या चर्चपुरतें बोलावयाचें तर त्यांच्या तरुणपणींच्या प्रश्नांपैकीं एकाचें उत्तर मागाहून आलें. स्वतःच्या दोषावांचून ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाहीं पण जे सद्बुद्धीनें वागले, त्यांचाही उद्धार होऊं शकतो, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं जाहीर केलें. आणि स्वर्ग ही ढगांतील जागा नसून ईश्वराशीं असलेला जिवंत संबंध आहे, असें दुसऱ्या जॉन पॉल पोपनें १९९९ सालीं सांगितलें. सुबाजी बापूंना हें ऐकून बरें वाटलें असतें. गोरे स्वतः इंग्लंडच्या चर्चचे. त्यांच्या पंथांत व इतर प्रॉटेस्टंट पंथांत याविषयीं आजही एकमत नाहीं.

फादर गोरे २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईस वारले. अनंत शिक्षेचें समर्थन करणारा त्यांचा निबंध त्यांच्या हयातींतच छापला गेला होता. ज्या ग्रंथांत त्यांनीं मूळ आक्षेप घेतले तो ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ शंभरांहून अधिक वर्षें हस्तलिखितांतच पडून होता. तो उज्जैनहून छापून निघाला १९५१ सालीं.